डोक्यावरचे दोन टन

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी एसीवाल्याशी भांडत होते. तो टेप लावून खोली मोजत होता आणि म्हणत होता, "मॅडम, एक टन बस्स झाला." मी म्हणत होते, "भिंती मोजल्या, माणसं कोण मोजणार?" हे वाक्य माझं नव्हे, वहिनीचं. तेवढ्यात लातूरहून भाच्याचा फोन आला. "आत्या, आई गेली…" दुपारी जरा आडवी झाली आणि उठलीच नाही. एसीवाला टेप गुंडाळून गेला. याला आता चार आठवडे झाले. लोक म्हणतात, सावर. मला सावरायचं नाही, मला अजून भांडायचंच आहे.

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, लोह्याकडच्या शेतकऱ्याची लेक, शाळेत विज्ञान शिकवायची. भूकंप झाला तेव्हा तिची नोकरी औशाकडच्या एका खेड्यात होती. भाड्याच्या खोलीवर माळवद होतं, लाकडावर हातभर मातीचा थर. ते सगळं अंगावर आलं. लोकांनी तिला उकरून बाहेर काढलं. तिच्या हजेरीपटावरची किती नावं उरली, हे तिनं कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाली, "पोरं दगडानं न्हाई मेली वन्सं, वजनानं मेली." पुढं जन्मभर तिचा एकच हट्ट राहिला, पोरांच्या डोक्यावर वजन नको.

ती निवृत्त झाली तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लास झाले होते. ज्याच्या घरात रिकामी खोली, त्याचं हॉस्टेल. भावानं कधीकाळी गाडी येईल म्हणून पत्र्याचं गॅरेज बांधून ठेवलेलं. स्कूटर आली, गाडी काही आली नाही. वहिनीनं तिथं बाकं टाकली आणि एकदा नापास झालेल्या, मोठ्या क्लासांनी मागच्या बॅचमध्ये ढकललेल्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवायला लागली. एका मोठ्या क्लासवाल्यानं तिला तिसऱ्या मजल्यावरच्या चकाचक हॉलमध्ये बोलावलं. ती म्हणाली, "इमारतीचं वजन पोरांच्या डोक्यावर? राहू द्या. आमचा पत्रा पडला तर खोक पडंल, जीव न्हाई जायचा."

पण लातूरच्या उन्हाळ्यात पत्रा म्हणजे तवा. एका एप्रिलमध्ये चाकूरची एक मुलगी फळ्यासमोरच चक्कर येऊन पडली. दोन दिवसांत निम्मी बाकं रिकामी झाली. परीक्षा महिन्यावर आलेली. पालक म्हणाले, बाई, यंदा क्लास बंदच करा. वहिनी उसळली. "बंद? गर्मी मोजता येती. जे मोजता येतं त्याला काय भ्यायचं?" मी तेव्हा लातूरलाच आले होते; मला घेऊन ती एसीच्या दुकानात गेली.

दुकानदार हसला. "बाई, गॅरेजला एसी? गाडीला उकडून राहिलं का?" मग लांबी-रुंदी विचारून त्यानं एक टन सांगितला. वहिनीनं पर्समधून कागद काढला. "एक पोरगं गप बसलं तरी शंभरच्या बल्बाएवढी गर्मी सोडतं. माझी बावीस हायत. तुमचा निम्म्याहून जास्त टन पोरांतच गेला. आता पत्र्याला काय देऊ अन् पश्चिमेच्या शटरला काय देऊ?" दुकानदाराचा नूर पालटला. म्हणाला, मग तीनच टन घ्या, झंझटच नको. "तेही नको. मोठा एसी झटक्यात गार करून थांबतो, घामाचा दमटपणा तसाच. पोरं गारही आणि चिकटही. माप म्हणजे माप." आधी पत्र्याखाली थर्माकोल, वरून चुना, शटरच्या फटींना रबर, आणि मग दोन टन. असं ठरलं.

आडवी आली माझी आई. भूकंप तिनंही पाहिलेला. 'दोन टन' हे शब्द कानावर पडले आणि ती थेट गॅरेजच्या उंबऱ्यात बसली. "दोन टन? भिंतीवर? लेकरांच्या डोक्यावर? माझ्या मढ्यावरून न्या." भाचा खो खो हसला, मीही हसले. वहिनी हसली नाही. तिनं आईला रिक्षात घातलं आणि बर्फाच्या कारखान्यात नेलं. सासूला ती मामीच म्हणायची. लाद्यांच्या राशीसमोर उभं करून म्हणाली, "मामी, असा एक टन बर्फ वितळताना दिवसभरात जेवढी गर्मी पिऊन घेतो, तेवढ्या कामाला एक टन म्हणतेत. वजन न्हाई ते, तहान हाय. भिंतीवरचा डबा तांदळाच्या कट्ट्याएवढाबी जड न्हाई." आईनं लादीला हात लावला, बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "तरी लेकरांच्या वर नको."

वहिनीनं ते ऐकलं. बाहेरचं यंत्र जमिनीवर विटा रचून ठेवलं. आतलं मुलांच्या वर नाही, फळ्याच्या भिंतीवर, बरोबर स्वतःच्या खुर्चीच्या माथ्यावर लावलं. मी म्हटलं, "वहिनी, खुर्ची तरी सरकवा की." "का? पडलं तर माझ्यावर पडू दे. पोरं तर वाचतील." मी गॅरेजमध्ये गेले की त्या खुर्चीवर कधी बसत नसे. कारण नसताना मान वर जायची. वहिनी चिडवायची, "गणिताच्या बाई, तुमचा विश्वास फक्त कागदावरच का?" ती मात्र पुढचे सगळे उन्हाळे तिथंच बसली. बाकं पुन्हा भरली, आणि चाकूरची ती मुलगी पुढं पास होऊन नर्स झाली.

तेराव्यानंतर भाचा दबक्या आवाजात म्हणाला, "आत्या, गॅरेज पाडून वर स्लॅब टाकू. हॉस्टेलच्या चार खोल्या निघतील." वाईट नाही तो, बिचारा थकलाय. पण मला राग आला, आणि तो मी गिळला नाही. त्याला म्हटलं, "तुझी आई या एका गोष्टीसाठी जन्मभर भांडली, आणि तू तिच्या पोरांच्या डोक्यावर पुन्हा वजन ठेवणार? परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. उरलेले धडे मी शिकवते." भौतिकशास्त्रातलं निम्मं गणितच तर असतं. बाकीचं रात्री वाचून सकाळी शिकवते, चुकले तर पोरं सांगतात.

पहिल्या दिवशी शटर वर केलं. फळ्याच्या कोपऱ्यात तिच्या अक्षरात आकडा होता, बावीस. रोज माणसं मोजून लिहायची ती. मी तो पुसला, बाकांवरची डोकी मोजली आणि चोवीस लिहिलं. एसी लावला. चोवीस पोरं वह्या उघडून बघत होती, ही नवी बाई कुठं बसते. मी वर पाहिलं… खुर्ची सरकवली नाही. बसले.