ठाण्यात मराठीत रडलेली बाई

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्यात, पण ती बाई माझ्या ठाण्यात ज्या भाषेत रडली, ते रडणं अजून कानात आहे. मी तेव्हा झाशीत, सीपरी बाजाराच्या भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमचं घराणं इथं कैक पिढ्यांचं. बाहेर हिंदी-बुंदेली, घरात मराठी, आणि वर्दीवरच्या पाटीवर अस्सल मराठी आडनाव. त्या आडनावाचा नोकरीत मला काडीचा उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी झाला.

सकाळी जवळच्या बरुआसागरचं एक कुटुंब आलं. आल्याची शेती करणारी, खाऊनपिऊन सुखी माणसं. बाप, तरणा मुलगा, मागे भाऊबंद आणि डोक्यावर पदर घेतलेली आई. मुलगी सीपरीत कोचिंगला येत असे, ती आदल्या दिवशी घरी परतलीच नव्हती. मुलगी सज्ञान. बापानं तहरीर, म्हणजे लेखी तक्रार, घरूनच लिहून आणली होती. बरोबर शिकणाऱ्या एका मुलानं तिला पळवलं, असं त्यात ठासून लिहिलेलं. त्या मुलाला भाऊबंदांनीच धरून, चोप देऊन आमच्या दारात आणून टाकला. मी त्याला आत बसवला, नाहीतर तो त्यांच्या हातून मेला असता. "मुझे सच में नहीं पता, साहब," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. खोटं बोलणारा माणूस गोष्ट रचून सांगतो. ह्याच्यापाशी गोष्टच नव्हती.

बापानं मुलीचा टॅबलेट माझ्या टेबलावर ठेवला. "देख लीजिए, लड़के के मैसेज हैं इसमें."

टॅबला पासवर्ड नव्हता. त्या घरात मुलीच्या कुठल्याच वस्तूला कुलूप लावायची मुभा नव्हती, हे पुढे कळलं. मेसेज पाहिले तर सगळ्या नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गोष्टी. बाकी टॅब रिकामा. शिकणाऱ्या मुलीच्या टॅबमध्ये एक कागद सापडू नये, हे मला पटेना.

तेवढ्यात आई खाली बसली आणि कपाळ बडवत, सूर लावून रडायला लागली. नवरा ओशाळला. "फौजी की बेटी है, बबीना में पली है. दुख में अपनी बोली में रोती है. आप ध्यान मत दीजिए."

मी ध्यान दिलं. बबीना ही झाशीजवळची लष्करी छावणी, आणि ती साताऱ्याकडच्या मराठीत रडत होती.

"ठकू गं माझ्या बाई... त्या पोराचा काही दोष नाही हो साहेब... टॅबमधलं कार्ड काढून घेतलंय हो... भावाच्या पाकिटात आहे... वाचलंय ह्यांनी सगळं... थोरला दीर गाडी घेऊन निघालाय... कुठं ते मला नाही ठाऊक... मारून टाकतील हो माझ्या लेकीला..."

माझी पाटी वाचून बाईनं सगळी तक्रार माझ्या पुढ्यात ओतली होती, आणि शेजारी उभ्या नवऱ्याला एक अक्षर कळलं नव्हतं. मुलालाही नाही. तिनं आपली भाषा चोरून शिकवली ती फक्त मुलीला, हेही पुढे कळलं. आता लक्षात आलं, की अशा घरात बोलायला पुढे होतो तो थोरला, ताऊ, तो आलेलाच नाही. आम्हाला ह्या मुलामागे गुंतवून तो मुलीला गाठायला गेला होता.

कार्ड तर हवं होतं, पण बाईनं सांगितलं हे कळता कामा नये. संध्याकाळी तिला त्याच घरात जायचं होतं. मी मुद्दाम खेकसलो, "चुप कराओ इनको," आणि महिला शिपायाला तिला आतल्या खोलीत जबाबासाठी न्यायला सांगितलं.

मग म्हणालो, "तहरीर के साथ सबका आधार लगेगा." लागत नाही. पण ठाण्यात कागद मागितला की माणूस मुकाट्यानं खिशात हात घालतो. भावानं पाकीट काढलं, मी ते तसंच हातातून घेतलं. आतल्या कप्प्यात नखाएवढं मेमरी कार्ड होतं.

"ये क्या है?"

"मेरे फोन का है, सर. गाने हैं."

"अरे वा. लगाओ, हम भी सुनें."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं कार्ड फोनमध्ये घातलं. पडद्यावर आलं, की हे कार्ड इथं वाचता येत नाही, पुसून नव्यानं तयार करायचं का. "खराब हो गया लगता है," असं म्हणत त्याचा अंगठा 'हो'वर टेकणार, तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. असं धरलं, की फोन टेबलावर आपटला. एका क्षणाचा उशीर झाला असता, तर त्या मुलीचा पत्ता कायमचा पुसला गेला असता.

कॉम्प्युटरवर बसणारा आमचा दीवान, म्हणजे हवालदार, वाकून बघत म्हणाला, "साहब, कुछ टैब कार्ड को अपने से बाँध लेते हैं. फिर जिसका है, उसी में खुलता है." मी कार्ड टॅबच्या रिकाम्या खाचेत सरकवलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग कागद एकेक करून उघडायला लागले. गुणपत्रिका, फोटो, परीक्षेचं ओळखपत्र, आणि शेवटी ग्वाल्हेरच्या एका नर्सिंग कॉलेजचं प्रवेशाचं पत्र. खाली वसतिगृहाचा पत्ता आणि वॉर्डनबाईंचा फोन. प्रेमप्रकरण वगैरे काही नाही. पोरगी शिकायला पळाली होती.

"ताऊजी कहाँ हैं?" मी भावाला विचारलं.

"खेत पे."

"फोन लगा, स्पीकर पे."

त्याची पाचावर धारण बसली. फोन काही लागेना त्याच्या हातून. "ग्वालियर पहुँच गए होंगे, सर," तो पुटपुटला.

बाप ताडकन उठला. "हमारे घर का मामला है."

"लड़की बालिग है," मी म्हणालो. "बैठ जाइए."

ग्वाल्हेर पोलिसांना एक फोन केला आणि लगेच वॉर्डनबाईंना. त्या म्हणाल्या, आत्ताच तिचे ताऊजी फाटकावर आलेत, आई अत्यवस्थ आहे म्हणून न्यायला. मुलगी चपला घालतेय. मुलीला फोनवर बोलावलं, तर ती रडत म्हणाली, "पुलिस भी तो घर ही वापस भेजती है." तिचं काही चुकत नव्हतं. मी धावत आतल्या खोलीत गेलो आणि फोन आईच्या हातात दिला.

बाईचं रडणं कुठल्या कुठे गेलं. स्वच्छ, ठाम आवाजात ती म्हणाली, "ठकू, मी धडधाकट आहे. खाली उतरू नकोस. आतून कडी लाव. आणि हे बघ, मी बोलावलं तरी घरी येऊ नकोस."

ग्वाल्हेर पोलीस वेळेवर पोचले. ताऊच्या गाडीत सीटखाली भरलेला कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, सापडला. मुलीनं पुढे मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला, की मी माझ्या मर्जीनं आले. आत बसवलेल्या मुलाला मी चहा पाजून सोडला. ती ग्वाल्हेरला शिकायला गेलीय म्हणून त्याला सांगितलं. ओठ सुजलेला, तरी त्यानं एवढंच विचारलं, "उसका एडमिशन हो गया?" टॅबची खाच रिकामी दिसली म्हणून झडती घेतली, असं मी रोजनाम्यात लिहिलं. बाईचा उल्लेख कुठेच केला नाही.

ती निघण्याआधी मी तिला आतल्या खोलीत म्हटलं, "ताई, तुम्हीही जा लेकीकडे. मी पोचवतो."

"मी गेले तर ह्यांना कळेल कोणी सांगितलं. मग ह्यांचे पुढचे बेत ऐकून लेकीला सावध करायला घरात कोणी उरायचं नाही." तिनं पदर सारखा केला, बाहेर येऊन नवऱ्याजवळ बसली आणि पुन्हा सूर लावला. नवरा करवादला, "अब क्यों रो रही है?" मला मात्र शब्द कळत होते. "देव तुमचं भलं करो हो साहेब... तुमच्या लेकीबाळी सुखी राहोत हो..."

मी मान खाली घालून उगाच लिहीत बसलो. डोळे भरले होते, आणि ते तिच्या नवऱ्याला दिसून चालणार नव्हतं. बाई रडायला लागली की आम्ही पोलीस पाण्याचा ग्लास पुढे करतो, ती गप्प व्हावी म्हणून. आता खात्यातली नवी पोरं भेटायला आली की मी त्यांना सांगतो, पाणी नंतर द्या. आधी ती काय म्हणतेय ते ऐका, आणि भाषा कळत नसेल तर कळणाऱ्याला बोलवा.