काशिनाथची रायफल मी तपासली होती

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं तो काशिनाथ अजूनही सणासुदीला जामसरहून जीपनं मोखाड्याला माझ्या घरी येतो, पोटभर जेवतो.

आम्ही दोघं एकाच दिवशी पोलिसांत लागलो. नेमबाजीत तो माझ्यापेक्षा उजवा—पुष्कळच उजवा. मला हेवा वाटायचा का? वाटायचा.

आमच्या रायफलींवर नेम धरायला नळीच्या टोकाशी उभी लोखंडी माशी आणि मागची खाच होतीच. नंतर त्यांच्यासोबत लाल ठिपक्याची काचही बसली. माशी आणि खाच एका रेषेत धरली की ठिपका माशीच्या टोकावर दिसायला हवा. नाही दिसला तर काच हललेली. फायरिंगआधी जोडीदारानं जोडीदाराची रायफल अशी तपासायची, ‘ठीक’ म्हणायचं आणि मग माशी आडवी पाडून ती परत द्यायची, ही आमच्या तुकडीची रीत. त्यानंतर समोर नुसता ठिपका.

त्या सकाळी नेमबाजी शिकवणारा उस्ताद निवडायचा होता. जागा एकच. गाडीतून दोघांच्या रायफली मीच उतरवल्या आणि काशिनाथची माझ्या हातून निसटली, खडकावर आपटली. कुणी पाहिलं नाही. तपासायला डोळ्याला लावली, तर ठिपका माशीपासून बाजूला सरकलेला—आणि काच हाताला ढिली लागत होती.

नुसतं ‘थांब’ म्हणायचं होतं. किती वेळ लागला असता? पण मग रायफल पाडल्याचं कबूल करावं लागलं असतं, आणि—खरं सांगतो—ती जागाही त्याला मिळाली असती. मी ‘ठीक’ म्हणालो. माशी पाडली आणि रायफल त्याच्या हातात दिली.

प्रत्येक धक्क्याला काच हलत गेली. गोळ्या कागदभर विखुरल्या. साहेबांनी विचारलं, रायफल तपासली होती का? मी तोंड उघडण्याआधी काशिनाथच म्हणाला, ह्यानं तपासली, साहेब. विषय तिथंच मिटला. दुपारी साफसफाई करताना मी काचेचे स्क्रू गुपचूप आवळून टाकले. हे तर भीतीनं केलेलं नव्हतं ना? शांत डोक्यानं केलं होतं.

“माना डोला गेला रं,” तो संध्याकाळी डोळ्यावर बोट ठेवून म्हणाला. “कोनाला सांगू नको.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. उस्ताद मी झालो. त्यानं स्वतःहून पहाऱ्याची ड्युटी मागून घेतली, नेमबाजीच्या स्पर्धेचं नाव पुन्हा काढलं नाही. जव्हारच्या डॉक्टरांनी डोळे स्वच्छ आहेत म्हणून सांगितलं, तरी त्याला पटलं नाही.

यंदा त्याची पोरगी पोलीस भरतीची तयारी करतेय. तो तिला माझ्याकडं घेऊन आला. काशिनाथ हात धुवायला अंगणात गेला तेव्हा तिनं हळूच विचारलं, “काका, बाबांसारखा माझा डोळापन जाईल का?”

तो बाहेरच होता, हाकेच्या अंतरावर. मी तिला म्हणालो, एकदा तपासून घे.