चाकाशी एकशे बारा

मीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण गॅरेजात बावीस वर्षं त्याला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. काम एकच, डायनो चालवायचा. गाडीची मागची चाकं जमिनीतल्या रोलरवर घ्यायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची, पूर्ण रेस द्यायची आणि चाकाशी किती हॉर्सपॉवर पोचली ते कागदावर काढून द्यायचं. कागद बघून गिऱ्हाइकाचं तोंड पडायचं. "इंजिन दीडशेचं म्हणालात, इथं एकशे अठ्ठावीसच?" मग मीटर सांगे, "अहो, गिअरबॉक्स, ॲक्सल, टायर, सगळे वाटेत आपापला घास घेतात. साधारण पंधरा टक्के धरा." आणि वर पुस्ती जोडे, "मशीन खोटं बोलत नाही." फार ताठा होता बाबाला त्या मशीनचा.

त्याच गॅरेजात त्याचा थोरला भाऊ शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायचा. दादाची साठी उलटली होती, हात जरासे थरथरत, आणि मालकाच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. एक दिवस तो स्पष्टच म्हणाला, "या खेपेचं इंजिन नेहमीइतकं भरलं तर राहा, दादा. नाहीतर आता घरी आराम करा." दादानं तीन आठवडे खपून ते इंजिन बांधलं. जेवायलासुद्धा धड उठत नव्हता.

आदल्याच आठवड्यात एक गाडी रोलरवर उसळली होती आणि मालकानं चारचौघांत मीटरची खरडपट्टी काढली होती. म्हणून दादाचं इंजिन बसवलेली गाडी चढवताना मीटरनं पट्टे असे काही आवळले की टायर रोलरवर चेपूनच बसले. आकडा आला एकशे बारा, दादाच्या नेहमीच्या इंजिनांपेक्षा कितीतरी कमी.

दादा कागदाकडे बघतच राहिला. "टायर-गिअरबॉक्सनी जास्त खाल्लं असेल का रे?"

आता हे तपासता येतं की! रेस देऊन झाली की क्लच दाबायचा आणि रोलर आपसूक किती लवकर मंदावतात ते मोजायचं; वाटेत किती जिरलं ते कळतं. पाच मिनिटांचं काम. पण मीटरच्या तोंडी पंधरा टक्के बसलेले. आणि खरं सांगायचं तर दादाचा हात गेला, असं त्याच्याही मनात केव्हापासून होतं. म्हणून त्या आकड्याचं त्याला आश्चर्यच वाटलं नाही.

"इतकं कुणी खात नाही, दादा," तो म्हणाला. "इंजिनच कमी पडलंय."

दादानं हात पुसले, पाने होते तिथंच ठेवले आणि घरी गेला.

तीन आठवड्यांनी त्या गाडीचा ड्रायव्हर हसतच आला. "काय इंजिन आहे हो! असं आजवर चालवलं नाही. दादा कुठायत?"

मीटरनं गाडी पुन्हा रोलरवर चढवली, पट्टे नेहमीसारखे बांधले. एकशे तीस. मग त्या दिवसासारखे करकचून आवळले. एकशे बारा! या वेळी क्लच दाबून रोलर मोजले. एकेचाळीस हॉर्सपॉवर नुसती वाटेत जिरत होती, त्यातली बहुतेक त्या चेपलेल्या टायरांत. म्हणजे इंजिन एकशे त्रेपन्नचं. दादाच्या हातून इतकं भरलेलं इंजिन आजवर निघालं नव्हतं.

"जा, घेऊन ये त्यांना," मालक खालच्या आवाजात म्हणाला.

दार वहिनीनं उघडलं. दादा टेबलाशी बसला होता. मीटरनं दोन्ही कागद समोर ठेवले, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याला रडू फुटलं. "माझं चुकलं, दादा. चल परत."

दादानं कागद नीट वाचले. त्रेपन्नवर बोट ठेवून जरा हसलाही. "चांगलं बांधलं होतं म्हणजे."

"मग चल ना!"

"नाही रे," दादा म्हणाला. "तू म्हणालास ना, ते मी खरं धरलं. आता पाना हातात घ्यायची भीती वाटते."

मीटर वहिनीकडे बघायला लागला. तिनं नजर चुकवली.

"शर्टाची बटणंसुद्धा मीच लावते आताशा," ती म्हणाली.