पेट्रोलच्या टाकीत पाणी

"साहेब, या टाकीले मी आग लावत नाही," युसूफभाई म्हणाले. त्यांनी गॅस कटर पेटवलाच नाही. नळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या आणि लांब जाऊन बसले. ओठातली बिडीसुद्धा पेटवली नाही.

द्विभाषिक मुंबई राज्याचे दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान नगरपालिकेत मी ओव्हरसियर होतो. नळ, नाल्या, रस्ते, सगळं माझ्याकडे. त्या वर्षी गावातल्या विहिरी होळीआधीच आटल्या. नदीच्या एका डोहात पाणी होतं, पण तिथवर जायला कोरड्या पात्रातली वाळू तुडवावी लागे. बैलगाड्या पुऱ्या पडत नव्हत्या, साधा ट्रक रुतून बसे. सार्वजनिक हौदावर रोज भांडणं होत. त्या आठवड्यात एका बाईचं डोकं घागरीने फुटलं.

म्हणून पालिकेने डिस्पोजलमधला, म्हणजे लष्कराने विकायला काढलेला, एक ट्रक घेतला. लढाईच्या काळातली अमेरिकन गाडी. स्टीअरिंग डावीकडे, दिव्यांवर काळ्या टोप्या, आणि इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या सगळ्या चाकांना. वाळूत तो चिखलातल्या म्हशीसारखा आरामात चालायचा. त्याच्या पाठीवर लोखंडी टाकी होती. लष्कर कालपरवापर्यंत तीतून पेट्रोल नेत होतं. आम्हाला तीतून पाणी न्यायचं होतं.

पेट्रोलच्या बारीक तोट्यांनी पाणी वाटायला दिवस गेला असता. मागे, तळाशी, मोठं भोक पाडून तिथे जाड पाइप वेल्ड करायचा होता. आणि युसूफभाई नाही म्हणत होते. गावात वेल्डिंगवाले तेवढेच.

नगराध्यक्ष दादासाहेब तणतणत आले. "ओव्हरसियर, काहून थांबले तुम्ही? टाकी तर खाली आहे ना?"

"खाली आहे म्हणूनच थांबलो."

मी त्यांना समजावलं. पेट्रोल नुसतं जळतं. पण त्याची वाफ हवेत मिसळली की स्फोट होतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत भिंतीला लागलेला ओशटपणासुद्धा पुरतो. तिथे ज्योत नेली, की टाकीचा बॉम्ब.

"माह्या उस्तादचे डोळे असेच गेले," युसूफभाई लांबूनच म्हणाले. "रिकामं ड्रम होतं."

"मंग पाण्यानं भरा अन् कापा," दादासाहेब म्हणाले.

"पाणी कुठंय, दादासाहेब?"



दुसरा उपाय होता. नागपूरला शिकत असताना रेल्वेच्या कारखान्यात मी तो पाहिला होता. टाकीत खूप वेळ पाण्याची जोराची वाफ सोडायची; टाकी भरण्यापेक्षा पाणी कितीतरी कमी लागतं. पत्रा तापतो, आतलं तेल उडून जातं. वाफेसाठी बॉयलर हवा, आणि बॉयलर होता तो कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये. हंगाम संपल्यामुळे तोही थंड पडलेला. पण प्रेसमध्ये दादासाहेबांची भागीदारी होती. त्यांच्या शब्दावर बॉयलर पेटला.

आम्ही ट्रक प्रेसच्या आवारात नेला. सरकीचे ढीग लांब हलवले, जमिनीवरचा कापूस झाडून घेतला, वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या. टाकीच्या माथ्यावर तीन झाकणं होती, म्हणजे आत तीन खण. तिन्हींत आळीपाळीने नळी घातली. दुपार कलेपर्यंत वाफ चालू होती. पुढच्या झाकणाला हात लावून पाहिला, तर बोटं पोळली. वास घेतला. नुसत्या तापल्या लोखंडाचा येत होता.

"बिस्मिल्ला," म्हणत युसूफभाईंनी टाकीच्या मागच्या बाजूला खडूने गोल काढला. कटर पेटवला. ज्योत निळी, टोकदार झाली.

तेवढ्यात दादासाहेब आले. पांढरंशुभ्र धोतर सावरत सरळ टाकीजवळ गेले आणि खडूच्या गोलाशेजारी त्यांनी पंजा टेकवला.

"उगाच भेऊन राह्यले तुम्ही लोकं. हे पाहा, मी हात ठेवून उभा आहे."

मी त्या हाताकडे पाहिलं. ते तो काढत नव्हते. चटका बसायला हवा होता, पण ते हसत उभे होते.

"युसूफभाई, बंद करा! बंद करा!"

माझा आवाज फाटला. युसूफभाईंनी कारण विचारलं नाही. ज्योत विझली.

मी पत्र्यावर हात ठेवला. पुढून तापलेली टाकी शेवटच्या दीड हातात माठासारखी गार होती. म्हणजे तिथे वाफ पोचलीच नव्हती. आणखी एक खण होता.

मागच्या अंगाला माथ्यावर लष्कराने सामानाची लोखंडी पेटी बोल्टांनी बसवली होती. ती आम्ही टाकीचाच भाग समजून चाललो होतो. पेटी काढली. खाली चौथं झाकण निघालं. युसूफभाईंनी ओलं पोतं टाकून ते हळूहळू फिरवलं. झाकण सैल झालं आणि पेट्रोलचा असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तळाशी अजून थोडं पेट्रोल चमकत होतं.

दादासाहेब तो पंजा धोतराला पुसत राहिले, पुसतच राहिले.

"मी घरी जातो, साहेब," युसूफभाई म्हणाले आणि गेले.

आता त्यांना पुन्हा कोणत्या तोंडाने बोलवायचं? इकडे हौदावरची रांग कमी होणार नव्हती. तिकडे त्या माणसाला चार लेकरं होती.

सकाळी प्रेसवर गेलो, तर युसूफभाई ट्रकच्या सावलीत बसलेले.

"रात्री बायको म्हणे, आज गुमसुम काहून? तिले काय सांगू? सांगतलं नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "कापतो मी. पण भाप तुम्ही देल्ली, साहेब. कापतांना तुम्ही माह्याजवळ उभं राहाचं."

"राहीन."

उरलेलं पेट्रोल काढलं आणि पुन्हा वाफ दिली, या वेळी चारही खणांत. मग मी टाकी वीतवीतभर चाचपत गेलो. हाताला फोड आले. प्रत्येक चटक्याला बरं वाटत होतं.

युसूफभाईंनी ज्योत पेटवली. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो. कोणी न बोलावता दादासाहेबही आले आणि माझ्या पलीकडे उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता, पण हलले नाहीत.

पत्रा लाल झाला, ठिणग्या उडाल्या. एकाएकी आत 'टक्' झालं. आम्ही तिघे थिजलो. युसूफभाईंचा हात जागच्या जागी थांबला. पुन्हा 'टक्'. मग माझ्या लक्षात आलं, पत्रा निवताना आकसत होता.

"चालू द्या," मी म्हणालो.

गोल पूर्ण झाला. कापलेली चकती आत पडून खणखणली. युसूफभाईंनी कटर बंद केला, भिंतीपाशी जाऊन बसले आणि तिथे बिडी पेटवली.

पुढे आतल्या भिंतींना भोकं पाडून सगळे खण एक केले. टाकी पुन्हापुन्हा सोड्याने धुतली, तरी वास लवकर गेला नाही. सुरुवातीला बायका ते पाणी धुण्याला आणि ढोरांनाच वापरत. हळूहळू वास मेला आणि लोक पिऊही लागले. लढाईतला तो ट्रक आमच्या गावाला बरेच उन्हाळे पाणी पाजत राहिला.

त्यानंतर नोकरीभर "रिकामं आहे हो, करा सुरू," हे मी अनेकांकडून ऐकलं. दर वेळी विचारलं, आत कोणी पाहिलं? माझ्या मागे लोक मला भित्रा ओव्हरसियर म्हणत. म्हणोत. भित्र्या ओव्हरसियरला पेन्शन मिळते.