मेश्राम मॅडमची सुनावणी

मेश्राम मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका पाटीशी भांडत होत्या. नारायण पेठेत मी ज्या घरी एका खाटेपुरतं भाडं देऊन, कॉट बेसिसवर राहायचे, तिथे मालकांनी दाराशी पाटी लावली होती : 'येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल.' पाटीसमोर लूना उभी करून, चष्मा कपाळावर चढवून एक ठेंगण्या, पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या आणि वरच्या पायरीवर आमचे मालक काका.

"वाचता येतं ना आपल्याला?" काकांनी विचारलं.

"येतं, म्हणून तर विचारतेय. हवा कोणत्या अधिकारात सोडणार?"

"घर माझं आहे."

"घर आपलं. आणि रस्ता?"

"महापालिकेचा."

"मग हवा सोडायला महापालिका येणार, की आपण स्वतः? आणि सोडण्यापूर्वी गाडीवाल्याला एकदा विचारणार ना, का लावलीस म्हणून?"

"अहो बाई, हवा सोडायला आता काय सुनावणी घेऊ?"

"बरोब्बर!" बाईंनी चक्क टाळी वाजवली. "अगदी नेमका शब्द वापरलात. सुनावणीच!" आणि लूना सुरू करून त्या निघूनही गेल्या. काका बराच वेळ आपल्याच पाटीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला संविधान आणि प्रशासकीय कायदा शिकवायला त्याच बाई वर्गात शिरल्या. हातात कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली संविधानाची प्रत. हजेरी घेतली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून रोज एकानं एक पाटी आणायची. नोटीस, फलक, सोसायटीचं पत्रक, काहीही चालेल. वहीत उतरवून आणा, उपटून नको."

आम्ही त्या वेळी जरा वेगळ्याच हवेत होतो. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठत होत्या. निम्मा वर्ग कंपन्यांचे कायदे शिकून तिकडे जायची स्वप्नं बघत होता, आणि मी तर जातच होते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलून ठेवायचे ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, अशी माझी दुपारपासूनची नोकरी होती. सगळीकडे खाजगीकरणाची चर्चा. सरकार आता आवराआवर करतंय, तर त्याचा कायदा शिकून काय करायचं, असा आमचा हिशेब होता. एकानं तो वर्गात बोलून दाखवला.

"सरकार कुठं जात नाही हो," मॅडम म्हणाल्या. "कपडे बदलतं. आपण कपड्यांना नमस्कार करायचा नाही, आतल्या माणसाला प्रश्न विचारायचे."

ते प्रश्न चारच होते. कोणी काढलं? कोणत्या अधिकारात? कारण काय दिलंय? आणि चौथा, ज्यासाठी त्या खडू टेबलावर आपटायच्या : "विचारलं का त्याला?" ज्याचं नुकसान होणार आहे, त्याला आधी बोलू दिलं का? पुस्तकात नैसर्गिक न्यायावर कित्येक पानं आहेत. मॅडमनी ती या तीन शब्दांत बसवली होती. कोणी बिबवेवाडीतल्या सोसायटीचं 'भाडेकरूंनी लिफ्ट वापरू नये' आणायचं, कोणी कुठल्या कार्यालयातलं 'चौकशी करू नये' आणायचं, आणि सकाळी साडेसातला, डोळ्यांवर झोप असताना, साठ पोरं एकमेकांवर ओरडत त्या पाट्यांच्या चिंधड्या उडवायची. घरी पत्रात या तासांबद्दल लिहितानाही माझा हात आवरत नसे. असं शिकणं मी पूर्वी कधी अनुभवलं नव्हतं.

एकदा मीच हात वर केला. "मॅडम, आमच्या कंपनीला हे चार प्रश्न विचारता येतील?"

"हे प्रश्न 'राज्या'ला विचारता येतात. संविधानात 'राज्य' म्हणजे कोण, वाचा." मी वाचलं. "बसते का तुमची काचेची इमारत त्यात?"

"नाही, मॅडम."

"नाही बसत." त्यांनी खडू खाली ठेवला. "पण प्रश्न चांगला आहे. जपून ठेवा. पुढं लागेल."

दिवाळीनंतर कंपनीनं माझी शिफ्ट बदलली. दुपारची सकाळची झाली. सांगितलं शुक्रवारी, लागू सोमवारपासून. नोकरी सोडली तर पुण्यात राहणं शक्य नव्हतं, म्हणून कॉलेज बुडायला लागलं. अडीच महिन्यांनी शिफ्ट पूर्ववत झाली, तोवर मी मैत्रिणींच्या वह्या उतरवून काढत होते. आणि फेब्रुवारीत बोर्डावर नोटीस लागली : हजेरी अपुरी असल्याने खालील विद्यार्थ्यांना परीक्षेस बसता येणार नाही. एकोणीस नावं. सातवं माझं. खाली हजेरी समितीच्या प्रमुखांची सही होती, आणि त्या प्रमुख म्हणजे मेश्राम मॅडम.

अकोल्याला घरी फोन लावला. बाबा आधीच म्हणाले होते, "पोरी, यंदा झालं त ठीक, नाहीतर घरी ये. मले आता पुढचं जमत नाही." त्यांचा आवाज ऐकला आणि मी नोटिशीचं काही सांगितलंच नाही. रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. या बाई! आम्हाला रोज खडू आपटून विचारणाऱ्या!

रागाच्या भरातच मी नोटीस शब्दन्‌शब्द उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बाकावर बसले.

"आज पाटी कोणाची?" मॅडमनी विचारलं.

"माझी." मी उभी राहिले.  पहिली ओळ वाचली. मॅडमचा खडू हवेत थांबलेला मला दिसला. त्यांनी पहिल्या ओळीलाच ओळखलं होतं. पण प्रश्न त्यांनी नेहमीच्याच क्रमानं, नेहमीच्याच आवाजात विचारले.

"कोणी काढली?"

"हजेरी समितीनं."

"कोणत्या अधिकारात?"

"विद्यापीठाचा नियम आहे, मॅडम."

"कारण दिलंय?"

"हजेरी अपुरी."

आता चौथा प्रश्न. खडू आपटला नाही. हळूच विचारलं, "विचारलं का त्यांना?"

"नाही, मॅडम. एकालाही नाही."

त्या फळ्याकडे वळल्या आणि मोठ्या अक्षरात लिहिलं : रद्द. मागून कोणीतरी शिट्टी मारली, बाकं वाजायला लागली. मॅडमनी हात वर केला तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे चमकत होते.

"वकील होण्यापूर्वी मी एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होते," त्या म्हणाल्या. "दिवसभर आदेश टाइप करायचे. कुणाची बदली, कुणाचं निलंबन. त्यातल्या एकाचंही तोंड मी कधी पाहिलं नाही. ते सहन होईना म्हणून कायदा शिकले. आणि परवा ऑफिसनं यादी टाइप करून आणून दिली, मी पेन काढलं आणि सही केली. चूक आहे. माझी आहे." मग एकदम आवाज चढला. "पण वीस वर्षं शिकवतेय हो मी! आज पहिल्यांदा कुणीतरी शिकलं!"

मी जिंकले, असं मला वाटलं. त्या माझ्याकडे वळल्या. "हुरळून जाऊ नका. आदेश रद्द झालाय, तुमची हजेरी वाढलेली नाही. सुनावणी होईल. आणि सुनावणी घ्यायला मी बसणार नाही. माझ्याच आदेशाचा न्याय मीच कसा करणार? प्राचार्य बसतील. मी नियमाची बाजू मांडेन. तयारीनं या."

त्या आठवड्याइतका अभ्यास मी पुढेही कधी केला नाही. ज्यांनी मला सगळं शिकवलं त्यांच्याच विरुद्ध उभं राहायचं होतं. भीती वाटत होती आणि त्याच वेळी कधी एकदा तो दिवस येतो असंही झालं होतं.

प्राचार्यांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला मी. मला वाटलं होतं, मॅडम थोडं सांभाळून घेतील. छे! "अर्जदार हुशार आहेत, पण नियम हुशार विद्यार्थ्यांसाठी वेगळा नाही," त्यांनी सुरुवातच अशी केली आणि नियमाची बाजू इतकी चोख मांडली की क्षणभर मलाच ती पटली. मग प्राचार्य माझ्याकडे वळले. मी शिफ्ट बदलल्याचं कंपनीचं पत्र ठेवलं, उतरवलेल्या वह्या ठेवल्या. 

"सर, त्याच नियमाच्या पुढच्या कलमात लिहिलंय की पुरेसं कारण असेल तर प्राचार्य तूट माफ करू शकतात. तो अधिकार वापरायचा की नाही, हे आपण ठरवायचं. पण नोटीस काढताना त्याचा विचारच झाला नाही. अधिकार हातात असून त्याकडे पाहिलंच नाही, तर तीही चूक असते." मी मॅडमकडे बघितलं. "हे आम्हाला डिसेंबरमध्ये शिकवलंय. मी त्या दिवशी वर्गात नव्हते. वहीतून शिकले."

प्राचार्यांनी मॅडमना विचारलं, "यावर काही म्हणणं?"

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. "अर्जदारांनी कायदा बरोबर सांगितला आहे," त्या म्हणाल्या. "नियमाच्या बाजूनं मला आणखी काही बोलायचं नाही."

परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. बदल्यात दर शनिवारी मोफत कायदा सल्ला केंद्रात बसायचं होतं. उरलेल्या अठराही जणांना बोलावलं. चौघांना नाकारलं. त्यातल्या एकानं क्रिकेटच्या मॅचसाठी दांड्या मारल्याचं स्वतःच सांगून टाकलं होतं. त्या चौघांना मॅडमनी प्राचार्यांकडून अर्धं अर्धं पान कारण लिहवून दिलं. तो क्रिकेटवाला मला म्हणाला, "वर्ष गेलं यार, पण माझं ऐकून तरी घेतलं."

निकालानंतर पेढे घेऊन मी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले. बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्तीशेजारी एक फ्रेम लटकत होती. आत तीच नोटीस होती. एकोणीस नावं, त्यांची सही आणि सहीवर त्यांनीच मारलेली तिरकी रेघ.

"मॅडम, ही कशाला लावलीत?"

"लोक सर्टिफिकिटं लावतात," त्या पेढा तोंडात टाकत म्हणाल्या. "हे माझं."

मी पुढे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कायदा विभागात लागले, काचेच्याच इमारतीत. मॅडमकडे अधूनमधून जायचे. दरवेळी त्या विचारायच्या, "तो कंपनीचा प्रश्न जपून ठेवलाय ना?" मी हो म्हणायचे. गेल्या वर्षी त्या गेल्या. महिन्याभरानं त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, आईची ती फ्रेम तुम्हाला द्यावी असं आम्हाला वाटतंय. पण म्हटलं, पाठवण्यापूर्वी तुम्हाला विचारावं." "हो, पाठवा," मी म्हटलं. 

फ्रेम मी केबिनमध्ये लावली आहे, येणाऱ्यांना नाही तर माझ्या खुर्चीतून मला दिसेल अशी. परवा नोकरीवरून कमी करायच्या लोकांची यादी सहीसाठी आली. सात नावं, सोमवारपासून लागू. वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, लीगली कुणाला बोलवायची गरज नाहीये. फक्त साइन करा."

"गरज नाही, खरंय," मी म्हटलं आणि पेनाला टोपण लावलं.

सातही जणांना मी एकेक करून बोलावलं. यादीतली पहिली मुलगी आत आली. हातात फाइल, चेहरा उतरलेला.  मी तिला खुर्ची दिली आणि म्हटलं, "बसा. आधी तुम्ही बोला."