दोरीवरचा पत्रा

लासुर्ण्याच्या फाट्यावर पंक्चर काढणारे तात्या नसते, तर माझं वालाचं बी उंदरांनीच संपवलं असतं. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं आणि नंदुरबारहून इतक्या लांब पेरूच्या बागेत कामाला आले, तेव्हा आईनं ते बांधून दिलं होतं. पिशवी आढ्याला दोरीनं टांगून मी निर्धास्त राहिले. उंदीर दोरीवरूनच उतरले. ओंजळभर बी उरलं.

तात्या कशातही आधी भोक शोधतात. मी सायकल घेऊन गेले आणि त्यांच्यापुढं रडू आलं, तर ट्यूब पाण्यात फिरवत म्हणाले, "रडू नगं. उंदीर आलं कुठनं?"

"दोरीवरनं."

"मग शिडी तूच लावून दिलीस की गं पोरी!"

हसत त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा ताटाएवढा गोल कापला, मधे भोक पाडलं. मग बराच वेळ कडा घासत बसले.

"उंदराला लागू दे. तुझा हात कापाय नगं. पिशवीच्या वर दोरीत ओव, खाली गाठ मार."

सकाळी पत्र्यावर लेंड्या होत्या, पिशवी मात्र शाबूत. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

तात्यांच्या दुकानामागं कुंपण मोकळंच आहे. एक दिवस त्यावर आईच्या वालाचा वेल मीच चढवून देईन.