सुपारीखालची ओळ

गेल्या वर्षीचा चैत्रातला मंगळवार. रक्कम एक हजार पन्नास रुपये. हजर तिघे: मी, भावकीतला माझा चुलतभाऊ बापू आणि ज्यांच्या खोलीत आम्ही बसलो होतो ते चाचा. पावती चाचांनी स्वतः लिहिली. एकवीस ओळी, दर पन्नास. कागदात ओळी मात्र तेवीस होत्या.

चाचा नगरात जुने मोडी कागद वाचून देत. कचेरीतली नोकरी संपल्यावर त्यांनी घरातच हे काम सुरू केलं होतं. कागद आला की आधी पंखा बंद करायचे, मग चार कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या ठेवायचे आणि भिंग घेऊन वाकायचे. "चाचा, काय म्हणतोय कागद?" असं कुणी घाईनं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "दिसतंय तेवढंच."

तुम्ही मोडी पाहिली असेल तर ठाऊक असेल, शब्द कुठं संपला तेसुद्धा कळत नाही. चाचांना कळायचं. जिथं कळायचं नाही तिथं ते टिंबं देत आणि त्या ओळीचे पैसे घेत नसत.

आमचा कागद शेवगावाकडच्या जमिनीच्या वाटणीचा होता. पणजोबांनी दोन मुलांत केलेली वाटणी. थोरले माझे आजोबा, धाकटे बापूचे. मला शेताला तारेचं कुंपण घालायचं होतं आणि माझ्या कडेनं बापूच्या शेताला वाट जाते. ती वाट सामाईक की एकट्या माझी, एवढाच प्रश्न होता. माझी ठरली असती तर बापूला उसाची प्रत्येक ट्रॉली मला विचारून न्यावी लागली असती.

मी कागदाचा फोटो मोबाईलमधल्या एआयला दिला होता. चहा गाळून होईपर्यंत तेवीस ओळी स्वच्छ मराठीत आल्या. चौदावी ओळ: 'वाट आठ हात, थोरल्याची.' कागद तिथंच घडीवर झिजला आहे हे मला दिसत होतं. बापूला ती ओळ वाचून दाखवताना मी ते बोललो नाही. बापू म्हणाला, "मशीननं वाचलं व्हय? मग आसंल, दादा." पण वकिलांनी सांगितलं, वाचणाऱ्या माणसाची सही लागेल. म्हणून चाचांकडे आलो.

चाचांनी तेरा ओळी वाचल्या. चौदाव्या ओळीवर 'वाट आठ हात' एवढं वाचून भिंग खाली ठेवलं. "पुढचं वाचता येत नाही."

मी मशीनच्या वाचनाचा छापून आणलेला कागद पुढे केला. "त्याला आलं की, चाचा. वयाचा भाग असेल."

"असेल," ते म्हणाले. राग नाही, काही नाही. कोपऱ्यावरची एक सुपारी उचलून त्यांनी तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर ठेवली. "आता काढा फोटो."

काढला. पुन्हा तेवीस ओळी आल्या. एकही जागा रिकामी नव्हती. आधी तिसरी ओळ होती, 'पूर्वेकडील विहीर निमेनिम.' आता झाली होती, 'पूर्वेकडील आंबा निमेनिम.'

बापू मांडीवर थाप मारून हसला. "दादा, माजी इहीर गिळली की ह्यानं! आन् आंबा लावला!"

चाचाही हसले. "सुपारीखालचंही वाचतो बिचारा. दिसत नाही म्हणायला त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही."

मी हसलो नाही. मला तरी कुणी शिकवलं होतं?

पण चाचांचा हिशेब एकतर्फी नव्हता. एकोणिसाव्या ओळीत एका साक्षीदाराच्या नावावर ते बराच वेळ अडले. शेवटी मशीनचा कागद मागून घेतला, काडीनं एकेक अक्षर ताडून पाहिलं आणि मान हलवली. "बरोबर आहे. मला सुचलं नव्हतं. ही ओळ त्याची, तिचे पैसे मी घेणार नाही."

"आणि चौदावी?" मी विचारलं.

"वापरता कशी ती वाट?"

मी मशीनचा कागद उचलून त्याची घडी करू लागलो. बापूच म्हणाला, "दोगंबी जातो की. माज्या जन्माच्या आदीपास्नं."

"ते मला कागदात दिसत नाही. ते तुम्ही दोघांनी लिहायचं." चाचांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला, बापूकडे नाही.

मी लिहिलं, वाट सामाईक. दोघांनी सह्या केल्या. कुंपण आठ हात आत घेतलं. पूर्ण तेवीस ओळींचे अकराशे पन्नास द्यायला मी पाकीट उघडलं, तर त्यांनी शंभर रुपये परत माझ्या खिशात कोंबले.

हिवाळ्यात चाचा गेले. मला आठ दिवसांनी कळलं. घरी गेलो तर चाचींनी चहा दिला. खोलीतला पंखा चालू होता.

गेल्या महिन्यात ट्रंकेत आणखी एक मोडी कागद सापडला. पणजोबांचं पत्र असावं. वाऱ्यानं उडू नये म्हणून मी त्याच्या कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या ठेवल्या आणि फोटो काढला. सतरा ओळी आल्या. वाचायला फार गोड आहेत. मूळ कागदाला मधे दोन ठिकाणी कसर लागली आहे, पण सतरा ओळींत टिंब एकही नाही. भिंग घेऊन मी तासभर बसलो. यातलं पणजोबांनी लिहिलेलं किती आणि सुपारीखालचं किती, मला सांगता येत नाही.

खर्च काही आला नाही. पैसे घ्यायला कोणी नव्हतं.